जादा आरसा

सोमवार, ४ मार्च

आजपासून दोन वह्या. निळी कामाची, ही तपकिरी माझी. आधी सगळं एकाच वहीत होतं. परवा वर्कशॉपच्या उस्तादांना एका बंपरचं माप दाखवताना त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. तिथे ‘आज कोणाशी बोलणं झालं नाही’ असं लिहिलेलं होतं. थोड्या वेळाने चहाचा कप माझ्या फळीपर्यंत चालत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहीच्या पहिल्या पानावर आपण कोण ते लिहावं असं शाळेत सांगत. शाळा मी आठवीत सोडली, पण हे लक्षात राहिलं. तर मी जुन्या मोटारी पुन्हा मूळ रूपात आणणाऱ्या वर्कशॉपात तपासनीस आहे. अजून पक्का नाही. त्याआधी सहा वर्षं टायरच्या दुकानात होतो. मागच्या साली जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला गेलो होतो. दोरीच्या अलीकडे उभं राहून या वर्कशॉपच्या तीन गाड्यांत एकतीस चुका मोजल्या आणि पत्राने कळवल्या. पत्र शब्दकोश उघडून दोनदा तपासलं होतं. आठ महिन्यांनी उस्ताद टायरच्या दुकानात आले. खिशातून पत्र काढून म्हणाले, “हे तू लिहिलंस?” मला वाटलं मारतात. ते म्हणाले, एकोणतीस बरोबर आहेत.

राहिलेल्या दोनही बरोबर आहेत असं माझं मत आहे. ते मी अजून बोललेलो नाही.

ठरलं आहे असं: पुढच्या गाडीची तपासणी पूर्ण माझी. ती २१ एप्रिलच्या प्रदर्शनात जाणार. शंभरपैकी पंच्याण्णव किंवा जास्त गुण मिळाले तर मी पक्का, मला टेबल आणि ड्रॉवर. कमी मिळाले तर परत टायर.

गुरुवार, ७ मार्च

गाडी आली. चार दारांची, फिकट हिरवी, माझ्या वडिलांच्या वयाची. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी ती नवी केली आहे, आणि फार मनापासून केली आहे. तीच तर पंचाईत. सामानाच्या कप्प्यात आतूनही चकचकीत रंग दिला आहे. कारखान्यात आतून एकच हात मारत, तोही मळकट, आणि खालच्या कडेला ओघळ राहत. इथे ओघळ नाही, म्हणजे चूक. दारांच्या पट्ट्यांवरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. कारखान्यातल्या माणसाला एवढा वेळ कधीच नव्हता. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला ठसा गाडीपेक्षा सात वर्षांनी लहान. सीटच्या कडेच्या शिवणीत इंचाला नऊ टाके, हवेत सात.

पेंटर माझ्या मागे येऊन उभा राहिला. तो मला भिंग म्हणतो. म्हणाला, “भिंग, उद्या देवाने माणूस नवा करून दिला तरी तू म्हणशील, ओघळ कुठाय?” सगळे हसले. मीही हसलो, हात तोंडावर धरून.

हे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. माझा पुढचा वरचा दात अर्धा आहे. बोलताना, हसताना हात आपोआप वर जातो. चहा म्हणून मी उभ्याने फळीपाशी घेतो. बाकावर बसलं की बोलावं लागतं.

शनिवार, ९ मार्च

बाब क्रमांक तेवीस. आजवर पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यात विचित्र.

डॅशबोर्डच्या वरच्या कडेवर, अगदी मधोमध, तळहाताएवढा गोल आरसा स्क्रूने बसवला आहे. चालकाच्या जागी बसून पाहिलं, तर मागचा रस्ता त्यात दिसत नाही. दिसतो तो फक्त मागच्या सीटचा पलीकडचा कोपरा. शिवाय स्टिअरिंगच्या खाली काडेपेटीएवढा दिवा आहे, वेगळ्या बटणावर. तो लावला तर प्रकाश सरळ चालकाच्या तोंडावर येतो. मी लावून पाहिला आणि डोळे मिटले. असा दिवा लावून गाडी हाकणारा खड्ड्यात जाणार. बसवणारा एकतर दारू प्यायला होता, किंवा त्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं. मात्र काम सफाईचं आहे. वायर कुठे दिसत नाही. स्क्रूंखाली रबराच्या चकत्यासुद्धा आहेत.

निळ्या वहीत सगळी मापं घेतली: डाव्या टोकापासून अंतर, कडेपासून अंतर, दोन भोकांमधली जागा, आरशाचा तिरपेपणा अंशांत, दिव्याचा तिरपेपणा अंशांत. उस्ताद बॉनेटखालून म्हणाले, “काढून टाकायच्या वस्तूची मापं कशाला घेतोस?” माप घेतल्याशिवाय मला झोप लागत नाही, एवढंच.

मालकांना पाठवायच्या स्वच्छ प्रतीत मात्र एवढं सगळं बरं दिसलं नसतं. तिथे लिहिलं: ‘२३. मूळ रचनेत नसलेलं जोडकाम (दोन). काढणे.’ वाक्य चांगलं जमलं. वर्कशॉपात कोणालाही कळेल असं.

मंगळवार, १२ मार्च

गाडीच्या मालकांना तीनदा फोन केला. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा एका मुलीने उचलला, म्हणाली, “बाबांना लिहून पाठवा ना, ते लिहूनच उत्तर देतात.” मोठी माणसं. वर्कशॉपातल्या पोराशी फोनवर कशाला बोलतील? यादी पोस्टाने पाठवली. एकूण बाबी एक्केचाळीस.

रविवार, १७ मार्च

ताईने नव्या घराचा फोटो छापून पाठवला. माझ्या फोनवर फोटो येत नाहीत. मागे लिहिलं होतं, ‘बघ आणि सांग कसं आहे.’ मी दुपारभर नीट बघितलं आणि तिला सविस्तर पत्र लिहिलं. सात गोष्टी सापडल्या. दाराची वरची बिजागरी बाहेर बसवली आहे, पावसाळ्यात दार खाली घासणार. पायरीच्या फरशा एका रेषेत नाहीत. खिडकीची चौकट डावीकडे अर्धा इंच उतरली आहे. वगैरे.

दुपार चांगली गेली. खोलीत एवढा वेळ कोणाशी बोलल्यासारखं बऱ्याच दिवसांनी वाटलं.

बुधवार, २० मार्च

मालक आले. पन्नाशीचे, कपडे साधे पण कडक इस्त्रीचे, खिशात छोटी चिठ्ठ्यांची वही. ते गाडीपाशी पाठमोरे उभे होते. मी मागून तीनदा हाक मारली. वळलेसुद्धा नाहीत. तेवढ्यात पेंटरच्या हातून चाकाची पत्र्याची टोपी निसटली आणि फरशीवर असा आवाज झाला की उस्तादांच्या हातातला चहा सांडला. मालक जागचे हलले नाहीत. एवढा शांत माणूस मी पाहिला नाही. थोरामोठ्यांना अशा गोष्टींनी काही होत नाही.

मी समोर जाऊन बोलायला लागलो, तर ते माझ्या डोळ्यांकडे न बघता सरळ तोंडाकडे बघत होते. दाताकडेच बघत असणार. मी हात आणखी घट्ट धरला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी स्वतःचा हात वर नेऊन दोनदा खाली केला, हळू बोला अशी खूण. मी आवाज अगदी खाली आणला. आठ्या वाढल्या. शेवटी त्यांनी खिशातली वही माझ्यापुढे केली. म्हणजे माझं बोलणं ऐकण्याच्या लायकीचंही नाही.

मग सगळं लिहून झालं. ते मला बरं पडलं. त्यांनी यादीवर सही केली, आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, “छान.” आवाज एकाच पट्टीतला, ना वर जाणारा ना खाली येणारा. रागावलेत की नाही कळेना.

जाण्याआधी त्यांनी मागचं दार उघडलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात बसले. मिनिटभर समोर बघत होते. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तसे थोडे हसले. समोर कोणीच नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च

बाब तेवीस पूर्ण. आरसा आणि दिवा काढला, भोकं पुट्टी भरून बुजवली. पेंटरने तीन हात मारून रंग असा जुळवला की भिंगातूनही जागा सापडत नाही. त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, “भिंगाने कौतुक केलं, आज मी वारलो तरी चालेल.” काढलेलं सगळं सामान मी पिशव्यांत नंबर घालून ठेवतो. पिशवी तेवीस फडताळात ठेवली.

रविवार, ७ एप्रिल

ताईचा फोन नाही. हा तिसरा रविवार. पत्र मिळालं नसेल.

मंगळवार, १६ एप्रिल

गाडी पूर्ण झाली. माझ्या मोजणीने सत्त्याण्णव.

नीट लिहिलं पाहिजे. सगळं क्रमाने.

मालक अकरा वाजता आले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दाराने आत जाऊन त्याच कोपऱ्यात बसले. उस्तादांनी मला झालेलं काम समजावून द्यायला सांगितलं. मी चालकाच्या जागी बसलो, यादी स्टिअरिंगवर ठेवली आणि एक ते एक्केचाळीस वाचून दाखवलं. प्रत्येक बाबीत काय होतं, का चूक होतं, आता काय आहे. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता, म्हणून समोर बघूनच बोललो. हात तोंडावर होता. वीस मिनिटं लागली. इतकं सलग मी आयुष्यात कोणापुढे बोललो नसेन. शेवटी शेवटी तर मला चांगलं जमतं आहे असं वाटू लागलं होतं.

संपल्यावर वळलो. ते यादीकडे किंवा माझ्याकडे बघत नव्हते. डॅशबोर्डच्या मधोमध, जिथे आता गुळगुळीत हिरवा रंग आहे तिथे बघत होते. थोडे डावीकडे झुकले, मग उजवीकडे. मग त्यांनी वही काढून लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘मला ऐकू येत नाही. चौथ्या वर्षापासून. गाडी आई चालवायची, मी इथे बसायचो. ओठ दिसले की मला बोलणं कळतं. इथे आई दिसायची.’

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग तीच जागा बोटाने चाचपून बघितली, जणू भोकं अजून असतील.

त्यांनी कागद परत घेतला आणि खाली आणखी लिहिलं: ‘यादी मी वाचली होती. जोडकाम म्हणजे आरसा हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी. काम फार सुंदर झालं आहे.’

सही केली आणि गेले. चालत. त्यांच्या पाठीमागे मी फाटकापर्यंत गेलो आणि हाक मारली. हाक मारली, म्हणजे माझ्या डोक्यात किती शिरलं ते बघा.

बुधवार, १७ एप्रिल

मालकांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. उस्तादांना, पेंटरला, वेल्डिंगवाल्यालासुद्धा. त्या बाई याच भागात चाळीस वर्षं गाडी चालवत होत्या. मुलाला शाळेत सोडायच्या, आणायच्या, पुढे कामावर सोडायच्या. मागच्या थंडीत गेल्या. पेंटर म्हणाला, “चहाच्या वेळी किती वेळा विषय निघाला. तू कुठे होतास?” मी फळीपाशी होतो. दहा पावलांवर.

उस्तादांना विचारलं, मग आरसा कशासाठी आहे हे तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, आरसा त्यांच्या कधी नजरेत आला नव्हता, ते बॉनेटखालचे माणूस. आणि यादीत तर मलाही ‘जोडकाम’ एवढंच दिसलं, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दिवाही आता कळला. अंधार पडल्यावर ओठ दिसावेत म्हणून. त्या बाई स्वतःच्या डोळ्यांवर उजेड घेऊन गाडी चालवायच्या. मी लिहिलं होतं, बसवणारा दारू प्यायला असणार. ते पान फाडणार नाही.

मी विचारलं, परत बसवू का? उस्तादांनी हातातलं काम खाली ठेवलं. नव्या रंगात भोकं. जादा जोडकाम, प्रत्येकी दोन गुण वजा. सत्त्याण्णवातून चार गेले की त्र्याण्णव. “हिशेब तुला माझ्यापेक्षा बरा येतो,” ते म्हणाले. “गाडी तुझी आहे. भोकं पाडायची तर तू पाड. मी पाडणार नाही आणि अडवणारही नाही. पण नंतर माझ्यापुढे तोंड पाडून उभा राहू नकोस.”

फडताळातून पिशवी तेवीस काढली. आत दिवा, वायर, बटण, चार स्क्रू, रबराच्या चकत्या. आरसा नाही. माझ्या पिशवीतली वस्तू आजवर कधी हरवलेली नाही. पूर्ण फडताळ रिकामं केलं, भंगाराचा पिंप उपसला. शेवटी पेंटरने लाजत रंगाच्या खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला टांगला होता. तो त्यात भांग पाडत होता तीन आठवडे.

गुरुवार, १८ एप्रिल

काही केलं नाही. ड्रिल काढलं, ठेवलं. टायरच्या दुकानाजवळून घरी गेलो. माझ्या जागी नवा माणूस नाही. जागा रिकामीच आहे.

खरं लिहायचं तर मी हेही मोजून पाहिलं की आरसा एकटा बसवला आणि दिवा नाही, तर पंच्याण्णव होतात. पंच्याण्णव पुरतात. प्रदर्शन दिवसा असतं, दिवा नसला तर कोणाला कळणार? हे सुचल्यावर मला तासभर हलकं वाटत होतं. मग वाटेनासं झालं. त्या बाईंनी दोन्ही बसवले होते.

शुक्रवार, १९ एप्रिल

पाडली. निळी वही उघडी ठेवून, दोनदा खूण करून. पहिलं भोक पाडताना हिरव्या रंगाचा भुगा माझ्या मनगटावर पडला आणि पेंटर तोंड फिरवून बाहेर गेला. त्याचे तीन हात होते ते. पण परत आला तो भोकाच्या कडा झाकायला बारीक ब्रश घेऊन.

मापं नेमकी होती. स्क्रू हाताने फिरवले तरी बसले. तिरपेपणाही वहीतल्या अंशांप्रमाणे ठेवला. मग मी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलो आणि पेंटरला चालकाच्या जागी बसवलं. आरशात त्याची कॉलर आणि वरचं बटण दिसत होतं. चेहरा नाही. मी म्हणालो, माप चुकलं. पेंटरने आरशात बघितलं आणि सीटवर खाली खाली सरकत गेला, हनुवटी पार स्टिअरिंगला टेकेपर्यंत. तेव्हा त्याचा चेहरा बरोबर गोलात आला.

“एवढीशी होती म्हातारी,” तो म्हणाला. “दुरून बघितलं तर गाडी रिकामीच पळतेय असं वाटायचं.”

माप चुकलं नव्हतं.

शनिवार, २० एप्रिल

काल मालकांना चिठ्ठी पाठवली होती. एकच ओळ, पण चार वेळा लिहिली. ‘जोडकाम नव्हे, आरसा आणि दिवा परत बसवला आहे, कृपया बसून बघावं.’

ते आले. मुलगीही येणार होती. आता गाडी ती चालवते, आणि आरसा तिच्या उंचीला लावायला हवा होता. तिला उशीर झाला. मालक मागे कोपऱ्यात बसले. नुसतं थांबण्यापेक्षा अंदाज घ्यावा म्हणून मी पुढे बसलो आणि आरसा हळूहळू फिरवू लागलो. गोलात आधी छत आलं, मग खिडकी, मग त्यांचा कान, मग ते. त्यांनी हात वर केला, थांब.

हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्यांना दिसतो, तर ते मला दिसणार. आरशाला दुसरं काही येत नाही. आम्ही एकमेकांकडे तोंड न करता एकमेकांकडे बघत होतो. त्यामुळे की काय, माझा धीर सुटला नाही.

त्यांनी तीच खूण केली. हात वर, मग दोनदा खाली. त्या दिवशी ते हळू बोला म्हणत नव्हते.

मी तोंडावरचा हात खाली घेतला. गुडघ्यावर ठेवला. तिथे तो राहीना, म्हणून स्टिअरिंग धरलं. म्हणालो, “माझी चूक झाली.” त्यांनी मान हलवली, कळलं अशी. मग स्वतःच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं आणि त्या एका पट्टीतल्या आवाजात विचारलं, “कसा तुटला?”

बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलेलं नाही. घरी मी म्हणालो होतो, शाळेच्या जिन्यावर पडलो. खरं तर ताईने खेळताना दार ढकललं आणि मी मध्ये आलो. दात माझा तुटला आणि रडली ती. तिला मार बसू नये म्हणून मी जिना सांगितला. आज ते सगळं आरशाला सांगितलं. रक्त किती आलं, तिने तिच्या फ्रॉकला कसं पुसलं, तो फ्रॉक कुठे लपवला. मध्येच ते म्हणाले, “सावकाश.” मी सावकाश सांगितलं. ते हसले, तेव्हा मीही हसलो. आरशात माझा अर्धा दात मला दिसला. एवढा काही मोठा तुकडा गेलेला नाही. फार तर तीन मिलिमीटर.

मग मुलगी आली आणि उशीर झाल्याबद्दल बापाला हातवारे करून काहीतरी सांगू लागली. मी उठलो. तिच्या उंचीला आरसा लावला. तिने दिवा लावून बघितला, डोळे मिचकावले आणि म्हणाली, “आजी हे रोज कसं सहन करायची?”

मी माप लिहून घेतलं. आता वहीत दोन कोन आहेत.

रविवार, २१ एप्रिल

त्र्याण्णव.

तीन परीक्षक होते. त्यांच्या हातात माझा तपासणी तक्ता होता. तेविसाव्या बाबीपुढे मी लिहिलं होतं: ‘आरसा एक, दिवा एक. मूळ नाहीत. वजा चार. कायम ठेवावे.’ सगळ्यात म्हाताऱ्या परीक्षकाने ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “स्वतःच गुण कापलेत?” मी हो म्हणालो. हात खिशात ठेवला होता. तो म्हणाला, मग आम्हाला काम काय उरलं, आणि चार वजा केले.

पहिलं बक्षीस एका काळ्या गाडीला. तिच्या दारांच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका रेषेत होत्या. पत्र लिहिणार नाही.

संध्याकाळी गाड्या मैदानातून बाहेर पडल्या तेव्हा मी फाटकाशी होतो. हिरवी गाडी समोरून गेली. मुलगी रस्त्याकडे बघत सारखी बोलत होती आणि मागच्या कोपऱ्यात मालक हसत होते. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, पोरगी एकटीच बडबडते आहे.

सोमवार, २२ एप्रिल

उस्तादांनी बोलावलं. मी फळीवरचा माझा कप धुऊन पिशवीत घातला होता. ते म्हणाले, पंच्याण्णव म्हणजे पंच्याण्णव, पक्का काही करता येणार नाही. टेबल नाही, ड्रॉवर नाही. मग किल्ल्यांचा एक जुडगा पुढे टाकला. निळी दोन दारांची आली आहे, तीन महिने आणखी बघू. मी जायला वळलो तर म्हणाले, “आणि चहाला त्या फळीपाशी उभा राहू नकोस. येण्याजाण्याच्या वाटेत येतोस. बाकावर बस.”

बसलो. फार बोललो नाही. पेंटरने विचारलं, नव्या गाडीत काय सापडलं, तर म्हणालो, आधी मालकाला विचारून येतो कोणी काय बसवलं आहे ते. तो म्हणाला, भिंगाला कान उगवले.

खोलीवर येऊन ताईचा फोटो काढला. बिजागरी बाहेर आहे, ते बरोबरच लिहिलं होतं. फरशाही वाकड्याच आहेत. पण दारात ताई उभी आहे. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताने पदर सावरलेला, फोटो काढणाऱ्याकडे नाही तर थोडं पलीकडे बघते आहे. बारीक झाली आहे. डोळ्यांखाली काळं. दुपारभर भिंग घेऊन बसलो होतो आणि सात बाबींत ती कुठेच नव्हती.

फोन केला. तिने उचलला. म्हणाली, “आता काय चुकलं?”

मी म्हणालो, “फोटोत तू आहेस. मागच्या वेळी ते लिहायचं राहिलं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “दार घासतंय रे. तू लिहिलं होतंस तसंच. उघडायला खांदा लावावा लागतो.” घरात दुसरं कोण आहे खांदा लावायला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “ये मग सांगते.”

रविवारी जातो आहे. बिजागरीला दीड इंची स्क्रू लागतील, सहा. आठ घेऊन ठेवतो.